आधी नळ द्या, मग दंड घ्या: एका पोहेवालीचं आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सगळ्या महापालिकांचे आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी आणि प्लास्टिक पकडायला फिरणारी सगळी पथकं,

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी पोहे विकते. पोहे, उपमा, इडली. सकाळी सहा ते साडेदहा गाडी, त्यानंतर घर. गाडी आईने सुरू केली, आता ती बसून कांदा चिरते आणि गल्ला सांभाळते, बाकी सगळं मी आणि माझा भाऊ बघतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एक तर उद्या पुन्हा त्याच रस्त्यावर गाडी लावायचीय, आणि दुसरं म्हणजे शहर कुठलंही घ्या, गाड्यांची कथा तीच आहे. मोबाईलवर टाईप करतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी कबूल करून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचताना शंका नको. हो, आमच्या गाडीवर प्लास्टिक होतं. अजूनही थोडं आहे. आणि आम्हाला पाच हजारांचा दंड झाला, पावती माझ्याकडे आहे, दंड बरोबर होता का चूक यावर मी भांडायला आले नाहीये. नियम आहे, आम्ही मोडला, पैसे भरले. मला सांगायचंय ते वेगळंच आहे. ते प्लास्टिक गाडीवर आलं कसं, हे तुमच्यापैकी कुणी एकदाही विचारलं नाही.

तर ऐका.

आमच्याकडे चाळीस स्टीलच्या डिश आहेत. चांगल्या जाड, तेव्हा सत्तर-सत्तर रुपयांना घेतलेल्या. पण गेली काही वर्षं त्या डिशमध्ये पोहे पडलेच नाहीत. आम्ही काय करायचो, डिशवर एक पातळ पिशवी चढवायचो, वरून पोहे, वर शेव, गिऱ्हाईक खाऊन डिश परत देतो, आम्ही पिशवी ओढून टोपल्यात टाकतो आणि नवीन चढवतो. डिश कोरडीच. तुम्ही कुठल्याही भुर्जीच्या, चायनीजच्या, पाणीपुरीच्या गाडीवर उभे राहिला असाल तर हे बघितलं असेलच, स्टीलच्या डिशला प्लास्टिकचा अंगरखा. माझा भाऊ झोपेतसुद्धा चढवू शकतो, दोन बोटं आत घालून झटका दिला की बसली. दिवसाला दोनशे डिश, म्हणजे दोनशे पिशव्या.

आता मला सांगा, डिश आहे, तीही स्टीलची, तरी वर पिशवी का? आळस म्हणून? स्वस्त म्हणून? नाही हो. धुवायला पाणी नाही म्हणून. गाडीवर नळ नाही, नाली नाही, सांडपाणी ओतायला जागा नाही. ती पिशवी म्हणजे आमचा नळ आहे साहेब. नसलेला नळ.

मी हिशोब घातलाय, बोटांवर नाही, वहीत. डिश नीट धुवायची म्हणजे तीन बादल्या लागतात, एक साबणाची, एक खळबळायची, एक स्वच्छ पाण्याची. पंधरा लिटरची बादली धरली तर पंचेचाळीस लिटर. चाळीस डिश झाल्या की त्या पाण्याकडे बघवत नाही, तेलाचा तवंग, हळद, कोथिंबिरीची पानं, ते बदलावंच लागतं. दोनशे डिशला पाच वेळा. सव्वादोनशे लिटर झालं. वीस लिटरचे अकरा-बारा कॅन. आमच्या गाडीखाली दोन कॅन मावतात, आणि ते प्यायच्या पाण्यातच जातात. मग धुवायचे अकरा-बारा कुठून आणू? जवळचा सार्वजनिक नळ बंद पडून कितीतरी वर्षं झाली, कोपऱ्यावरचा हॉटेलवाला दोन कॅनचे वीस रुपये घेतो आणि तेही त्याचा मूड असेल तर. आणि समजा आणलं, तर वापरलेलं सव्वादोनशे लिटर ओतू कुठं? रस्त्यावर ओतलं की घाण केली म्हणून वेगळी पावती.

आईच्या काळात असं नव्हतं. ती द्रोणात उपमा द्यायची, पळसाच्या पानाचे द्रोण, बाजाराच्या दिवशी गावाकडच्या बायका गठ्ठे घेऊन यायच्या, शंभराचा गठ्ठा सुतळीने बांधलेला. मग त्या बायका यायच्या बंद झाल्या. मग आल्या स्टीलच्या डिश आणि एक बादली, त्या एका बादलीत सगळं, आणि गिऱ्हाईकही काही बोलायचं नाही. नंतर लोक बोलायला लागले, आणि बरोबरच बोलले, ते पाणी मलाही चाललं नसतं. २०२० नंतर तर विचारूच नका, माणूस डिश हातात घ्यायच्या आधी उलटीसुलटी करून बघतो, बोट फिरवतो, वास घेतो. तेव्हा पिशवी चढवलेली डिश दिली की त्याचा चेहरा खुलायचा. म्हणजे बघा, हे प्लास्टिक आमच्या गाडीवर स्वच्छतेच्या नावाने आलं. आता त्याच प्लास्टिकला घाण म्हणून तुमचं पथक येतं. दोन्ही खरंय, आणि मधे आम्ही.

पथक आलं तो दिवस सांगते. सकाळचे साडेआठ, म्हणजे ऐन गर्दी, ऑफिसवाले, कॉलेजची पोरं, एका हाताने पोहे वाढतेय दुसऱ्या हाताने सुट्टे देतेय. चौघं आले. एकाने वाकून गाडीखालून पिशव्यांचं पुडकं काढलं, एकाने फोटो काढला, तिसऱ्याने पावतीपुस्तक उघडलं. पाच हजार. मी म्हटलं साहेब कमी करा, तर म्हणाले ताई, कमी करायचा अधिकार आम्हाला नाही, पहिल्या वेळेला पाच, दुसऱ्या वेळेला दहा, तिसऱ्या वेळेला पंचवीस हजार आणि तीन महिने आत. नीट बोलले, उर्मटपणा काही नव्हता, ते मान्य करते. पैसे भरेपर्यंत उपमा खाली लागला.

आणि मग मजा बघा. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, म्हणाला ताई, दोन पोहे पार्सल द्या. आता पिशव्या तर यांनीच नेल्या. मी पेपरचा कागद घेतला आणि पुडी बांधायला लागले, तर पावतीवाले साहेब म्हणतात, अहो पेपरमध्ये देऊ नका, त्यालाही बंदी आहे, शाई असते. खरंय ते, एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमात छापील वर्तमानपत्रात खाणं बांधायला मनाई आहे, हे मी नंतर वाचलं. पण त्या क्षणी मी नुसतीच उभी. पोहे झाऱ्यात, ड्रायव्हर समोर, पिशवी नाही, पेपर नाही. शेवटी तो म्हणाला, द्या ताई डिशमध्येच, इथंच खातो. आणि कोरड्या डिशमध्ये, पिशवीशिवाय, त्याने दोन प्लेट खाल्ल्या. ती डिश मी प्यायच्या पाण्याने धुतली.

तेव्हापासून मी हे सगळे नियम शोधून वाचायला लागले, रागाने म्हणा किंवा कुतूहलाने. महाराष्ट्राची प्लास्टिक आणि थर्माकोलची बंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली, तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून दंड सुरू झाले. त्यानंतर केंद्राने १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली, डिश, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ वगैरे. कॅरीबॅगची जाडी आधी ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली नको, मग ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनच्या खाली नको. त्याच २०२२ च्या जुलैत राज्याने आतून प्लास्टिकचा थर असलेले कप-डिश पण बंदीत आणले. वर्ष संपता संपता कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, मालाला सर्टिफिकेट असेल तर सूट दिली. मी बारावी झालेली बाई आहे, मला हे समजून घ्यायला चार रात्री लागल्या. आमच्या शेजारचा चहावाला काका चौथीपर्यंत शिकलेला. त्याला कागदी कप कागदाचाच वाटतो. वाटणारच ना, नावच कागदी कप आहे. आत तो चकचकीत पापुद्रा प्लास्टिकचा असतो हे त्याला सांगायला कुणी आलं नाही, दंड घ्यायला आले. आणि तो कप काही निरुपद्रवी पण नाही, खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये तपासलं होतं, गरम पाणी अशा कपात पंधरा मिनिटं राहिलं की शंभर मिलिलिटरमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास प्लास्टिकचे बारीक कण उतरतात. काकाला हे सांगितलं तर म्हणतो, माझा चहा कोण पंधरा मिनिटं ठेवतो, दोन घोटात संपतो. आता यावर काय बोलणार.

ते पळसाचे द्रोण-पत्रावळी परत आणा असं सांगणारे पण खूप भेटतात. मी गेले होते बाजारात. आता मिळते ती पत्रावळ नीट सोलून बघा कधी, वरून पान, खालून पुठ्ठा आणि मधे प्लास्टिकचा पातळ थर. नुसत्या पानाच्या टाचलेल्या पत्रावळी शोधायला फार फिरावं लागतं. उसाच्या चिपाडाच्या डिश मिळतात, त्या छान असतात, मी आणल्याही. पण त्याचा हिशोबसुद्धा ऐका. पातळ पिशव्या किलोवर मिळतात, एका किलोत सहा-सातशे येतात, म्हणजे एक पडते चार आण्याला. दिवसाच्या दोनशेला पन्नास रुपये. चिपाडाची डिश मला तीन रुपयांना पडली. दोनशेला सहाशे. माझी प्लेट वीस रुपयांची, दिवसाचा गल्ला चार हजार, त्यातून पोहे, तेल, शेंगदाणे, गॅस, भावाचा रोज काढला की हातात नऊशे-हजार. त्यातले साडेपाचशे जास्तीचे नुसते डिशमध्ये गेले तर मी पोहे कशाला विकतेय, डिशच विकते ना. प्लेट पंचवीसची केली, चार दिवस, गिऱ्हाईक समोरच्या गाडीवर गेलं, त्याच्याकडे अजून पिशवी होती.

ऊस आपल्याकडे, चिपाड आपल्याकडे, साखर कारखाने आपल्याकडे. ते चिपाड बॉयलरमध्ये जळतं, त्यातून वीज होते, ठीक आहे, त्याला माझा विरोध नाही. पण त्यातलं थोडं बाजूला काढून बचत गटांना डिश दाबायची मशीन दिली असती तर तीन रुपयांची डिश दीड रुपयाला मिळाली असती असं मला वाटतं. चुकतही असेन, मला कारखान्यातलं काही कळत नाही.

आता त्या पिशव्या येतात कुठून. हे तुम्हाला माहीत नाही असं मी म्हणणार नाही, कारण माहीत आहे. आमच्या गाडीपासून पाच मिनिटांवर होलसेलची गल्ली आहे. झबला पिशवी मागा, साईज सांगा, रंग सांगा, किलोत मिळते. पिशवीवर ना नाव ना गाव. केंद्राच्या २०१६ च्या नियमात स्पष्ट आहे की कॅरीबॅगवर बनवणाऱ्याचं नाव, नोंदणी नंबर आणि जाडी छापलेली पाहिजे. मी आतापर्यंत एकही छापलेली बघितली नाही. मग ही बिननावाची पिशवी कुणाच्या तरी मशीनवर निघते, टेम्पोत चढते, गोडाऊनला उतरते, दुकानात येते, आणि एवढा प्रवास करून शेवटी माझ्या गाडीखाली आली की तिथं मात्र पकडली जाते. कारण मी पळू शकत नाही, माझ्याकडे शटर नाही, वकील नाही, आणि कढई तापलेली आहे.

दंडाच्या दुसऱ्याच दिवशी मी त्या गल्लीत गेले. पिशव्या घ्यायला नाही, बघायला. तिथं नेहमीसारखं चाललं होतं. दुकानदार म्हणाला, ताई, लागतील तेवढ्या न्या, फक्त बिल मागू नका.

याच देशात अजून एक कायदा आहे, २०१४ चा, फेरीवाल्यांचा. तुमच्या टेबलावर असेलच. त्यात लिहिलंय की शहर फेरीवाला समिती पाहिजे, त्यात चाळीस टक्के सभासद फेरीवाले, आणि त्या फेरीवाल्यांत एक तृतीयांश बायका. फेरीवाला क्षेत्र ठरवायचं, तिथं सोयी द्यायच्या, आणि त्या सोयींच्या देखभालीचे पैसे आम्ही द्यायचे. फुकट नाही मागत हो कुणी, कायद्यातच आहे की आम्ही पैसे भरायचे. शिवाय त्या कायद्यात फेरीवाल्याला जास्तीत जास्त दंड किती, तर दोन हजार. म्हणजे फेरीवाल्याचं सर्टिफिकेट नसताना धंदा केला तरी दोन हजारांच्या वर जाता येत नाही, आणि चार आण्याच्या पिशवीला पाच हजार. दोन कायदे वेगळे, दंड वेगळे, मला कळतं. पण माझा गल्ला एकच आहे. २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या स्वनिधी कर्ज योजनेतून आम्हाला पहिलं कर्ज मिळालं ते दहा हजार. एका सकाळी त्यातलं निम्मं सरकारलाच परत गेलं असं समजा.

आणि समितीचं म्हणाल तर आमच्याकडे ती आहे की नाही हेच मी तीन ऑफिसात विचारलं. एकाने सांगितलं आहे, एकाने सांगितलं मुदत संपली, तिसऱ्याने विचारलं कुठली समिती.

मी फक्त तक्रार करत नाहीये, आम्ही काय केलं ते पण सांगते, म्हणजे ही बाई नुसती रडतेय असं नको. दंडानंतर डिशवरची पिशवी आम्ही बंद केली. पूर्ण. भावाने एक जुनं लोखंडी स्टँड आणलं, त्यावर तीन टब बसवले, गाडीच्या मागे. पाण्यासाठी तो पहाटे पाचला घरून सायकलवर कॅन लावून चार फेऱ्या मारतो, आमच्या घरच्या नळाचं पाणी, तेही ज्या दिवशी येतं त्या दिवशी. दिवसाआड पाणी आहे आमच्याकडे, म्हणून पिंपात साठवतो. सांडपाणी दोन पिंपांत भरून दुपारी घरच्या मोरीत ओततो. होय, पोह्याचं सांडपाणी आम्ही घरी घेऊन जातो. रिक्षावाल्याने पहिल्या दिवशी विचारलं काय आहे यात, मी म्हटलं सांबार. तो वास घेऊन हसला. भावाचा खांदा धरलाय, डॉक्टरने सांगितलंय वजन उचलू नका. म्हणून हे किती दिवस चालेल सांगता येत नाही, आणि पाऊस सुरू झाला की सायकलचं काय करायचं तेही ठरलेलं नाही.

पार्सलचं वेगळं. रोजची साठेक पार्सल असतात. आधी डबा-डिपॉझिटची आयडिया केली, पंधरा छोटे स्टीलचे डबे आणले, पन्नास रुपये ठेवा, डबा न्या, आणून द्या, पैसे परत. महिन्याभरात नऊ परत आले. सहा गेले. एक डबा मला नंतर एका दुकानात दिसला, त्यात पिना ठेवल्या होत्या. डिपॉझिट पन्नासचं आणि डबा पंचाऐंशीचा, त्यामुळे लोकांना फायद्याचाच सौदा होता, हा गणिताचा गाढवपणा माझाच. मग सोपं केलं. घरून डबा आणला तर दोन रुपये कमी. पाटी लावली खडूने. पहिल्या आठवड्यात दोघं. एक आजोबा तर भलामोठा टिफीनच घेऊन आले, म्हणाले आता भर जेवढे मावतील तेवढे. आता तीन महिन्यांनी वीस-पंचवीस लोक रोज डबा आणतात. साठातले पंचवीस. दोन रुपयांसाठी नाही बरं का, डब्यात पोहे गरम राहतात आणि पिशवीचा वास लागत नाही म्हणून, असं तेच सांगतात. बाकीचे अजून म्हणतात, विसरलो ताई, आजच्या दिवस द्या ना. त्यांना मी केळीच्या पानात बांधून वर साधा कोरा कागद लावते, पान बाजारातून येतं, रोज मिळेलच असं नाही.

सांबार आणि चटणीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. खरं सांगते. इडलीचं पार्सल म्हणजे सांबार आलंच, आणि पातळ पदार्थ पानात बांधता येत नाही. डबा आणला नसेल तर मी आता सरळ सांगते, सांबार मिळणार नाही, सुकी चटणी घ्या. काही लोक चिडून जातात. त्या दिवशी एक बाई म्हणाल्या, लहान मुलीला ताप आहे, तिला सांबार-इडलीच पाहिजे, आणि डबा आणायला घरी जायला वेळ नाही. मी पिशवीत दिलं. आईच्या पेटीत दहा-बारा पिशव्या ठेवल्यात अजून, अशा वेळेसाठी. तुम्हाला यासाठी परत यायचं असेल तर या, त्या पेटीत डाव्या बाजूला आहेत.

गंमत म्हणजे आमच्याच गाडीशेजारी पानाची टपरी आहे, तिथं चिप्सची, शेवेची, माव्याची पाकिटं माळा लावून लटकतात. ती सगळी चकचकीत, अनेक थरांची, भंगारवाला त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. २०२२ च्या बंदीत ती नाहीत. कंपन्यांनी आपलं प्लास्टिक गोळा करायची जबाबदारी घ्यायची असा नियम आहे म्हणे, पण गोळा करायला आलेला माणूस मी तरी बघितला नाही, सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशींच्या खराट्यात मात्र तीच जास्त असतात. मी त्यांना विचारलं, नालीत जास्त काय निघतं, त्या म्हणाल्या, पाकिटं आणि तुझ्या पिशव्या. दोन्ही नावं घेतली. मी गप्प बसले.

कारण नालीचं मला कळतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांनी काय होतं ते सगळ्या राज्याने बघितलं. आमच्याकडे एवढा पाऊस नाही पडत, पण अर्ध्या तासाच्या सरीत आमचा चौक भरतो, आणि त्या पाण्यावर तरंगत काय येतं तर हळदीच्या रंगाच्या पिशव्या. माझ्याच. तेलकट पिशवी गाय खाते, कारण तिला त्यात पोहे लागतात. हे बघून माणसाला बरं वाटत नाही साहेब, गाडीवाला असला तरी.

म्हणून मागणं एवढंच आहे. जिथं पाच-दहा गाड्या एकत्र उभ्या राहतात तिथं एक नळ, एक धुवायचा कट्टा, आणि सांडपाण्याला जाळी लावलेली एक मोरी. काही फार मोठं नाही. केंद्राने २०२३ मध्ये देशात शंभर फूड स्ट्रीट करायचं ठरवलं, एकेका रस्त्याला एक कोटी, त्यात पिण्याचं पाणी, हात धुवायची सोय, सांडपाणी सगळं धरलंय. त्याआधी २०१८ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाला पहिला क्लीन स्ट्रीट फूड हब म्हणून मान मिळाला. छान आहे. पण ते सगळं फिरायला जायच्या जागी होतं. कामाला जायच्या रस्त्यावर, बस स्टँडच्या मागे, हॉस्पिटलच्या गेटवर, जिथं लोक खरंच पोट भरायला उभे राहतात, तिथं एक कोटी नको, एक नळ पुरे. टाईल्स नकोत, कमान नको, सेल्फी पॉइंट तर अजिबात नको. एकदा नळ दिला की मग पिशवी दिसली तर खुशाल दंड करा, मी स्वतः पावती फाडून घेईन. आणि दंडाचं पुस्तक घेऊन गाडीवर यायच्या आधी एकदा त्या होलसेलच्या गल्लीत जा, सकाळी नऊला उघडते.

पाणी कुठून आणणार, लाईन कुठं आहे, खोदकाम, इस्टिमेट, टेंडर, हे सगळं तुम्ही म्हणाल, म्हणून आमच्या जागेपुरतं सांगून ठेवते. आमच्या नऊ गाड्या एका भिंतीला लागून उभ्या असतात. ती भिंत तुमच्याच बागेची आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला, माझ्या गाडीपासून पाचेक फुटांवर, झाडांना पाणी घालायचा नळ आहे, एक इंची, पितळी तोटीचा. मीटर बसवा, बिल आम्ही नऊ जण वाटून भरू, लिहून देतो. माळीकाका रोज सकाळी साडेसहाला तो सोडतात. मी तेव्हा पहिली कढई चढवलेली असते, आणि भाऊ चौथी फेरी घेऊन यायचा असतो. पाण्याचा आवाज भिंतीच्या अलीकडे स्वच्छ ऐकू येतो.

आपली,
एक पोहेवाली